ल्युकोव्होरिन सुरू करू का? भांडुपच्या एका आईला उत्तर

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते:

"ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तीनचा असताना ऑटिझमचं निदान झालं. सात-आठ शब्द आहेत, तेही मनात आलं तर. फिल्टरपाशी उभा राहून 'पा' म्हणतो, ते पाणी की पप्पा कळत नाही. मुलुंडला स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, एकदा चालू आहे. माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणाले अमेरिकेत सरकारने ऑटिझमवर फोलेटचं औषध काढलंय, मुलं बोलायला लागली. मिस्टरांनी केमिस्टला विचारलं तर ल्युकोव्होरिन मिळतं म्हणे. एका क्लिनिकने सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, त्यात हे औषध, आणखी पाच-सहा सप्लिमेंट्स आणि अमेरिकेला रक्त पाठवायची टेस्ट. तेवढे पैसे थेरपी बंद केली तरच निघतील. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही, आणि हा तर वरण-भात, दूध आणि मारी बिस्किट सोडून काहीच खात नाही. अजून एक. तिसरा महिना संपेपर्यंत मला इतक्या उलट्या होत होत्या की फॉलिकच्या गोळ्या मी घेतल्याच नाहीत. सासूबाई परवा त्यावरून बोलल्या. तेव्हापासून झोप नाही. हे माझ्यामुळे झालं का?"

अगं, तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. औषधाचं सविस्तर सांगते पण आधी तुझा शेवटचा प्रश्न, कारण तो मनात टोचत असताना बाकीचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही.

नाही. तुझ्यामुळे झालेलं नाही. आणि हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, आकडे बघ. नॉर्वेत ८५ हजार मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला, त्यात गरोदरपणाच्या आसपास फॉलिक घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये ऑटिस्टिक डिसऑर्डरचं निदान हजारात साधारण १ होतं आणि न घेतलेल्यांच्या मुलांमध्ये हजारात २. बातमीत हेच "दुप्पट धोका" असं येतं आणि आईच्या पोटात गोळा येतो. पण नीट बघ ना, गोळी न घेतलेल्या हजारातल्या ९९८ जणींच्या मुलांना ते निदान नव्हतंच. शिवाय गोळी वेळेवर घेणाऱ्या बायकांचं बाकीचं खाणंपिणं, शिक्षण, डॉक्टरकडे जाणं हेही वेगळं असतं, त्यामुळे तो एकाचा फरक गोळीचाच असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ऑटिझममध्ये सगळ्यात मोठा वाटा जीन्सचा आहे, एका गोळीवर ते ठरत नाही. मी स्वतः गोळ्या घेतल्या, घड्याळ लावून घेतल्या, एक दिवस चुकवला नाही, आणि माझ्या मुलाला ऑटिझम आहे. हे सासूबाईंना सांग, हवं तर हा परिच्छेद वाचून दाखव. त्यांचाही नातूच आहे तो, त्यांनाही कुठेतरी कारण सापडायला हवंय म्हणून त्या बोलल्या असतील, पण ते कारण तू नाहीस.

क्रोसिनचं तू विचारलं नाहीस तरी सांगून टाकते, कारण तुझे दीर म्हणतात त्या अमेरिकेच्या घोषणेत तेही होतं आणि उद्या कोणीतरी ते पण तुझ्यासमोर ठेवेल. गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने ऑटिझम होतो का यावर स्वीडनमध्ये जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये आला. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी गोळी घेतली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी भावंडांची तुलना केल्यावर काहीच संबंध उरला नाही. संपलं.

आता औषध.

सगळ्यात आधी नावाचा घोळ, कारण यातच लोक फसतात. फोलेट म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन, आणि त्याची रूपं वेगवेगळी. फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे ती आपली गरोदरपणातली पिवळी गोळी. फॉलिनिक अ‍ॅसिड वेगळं, मध्ये एक 'नि' जास्त आहे आणि त्याने बराच फरक पडतो. ल्युकोव्होरिन म्हणजे फॉलिनिक अ‍ॅसिड. केमिस्टकडे ते असतं ते मुळात कॅन्सरच्या पेशंटसाठी, मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिला की त्याचा शरीरावरचा मारा आवरायला हे देतात. म्हणजे औषध जुनं आहे, डॉक्टरांच्या ओळखीचं आहे, हे खरं. पण "फोलेटच आहे ना, मग फॉलिकच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्याच चालतील" असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, दोन्ही एक नाहीत.

का नाहीत ते आपल्या सोसायटीच्या पाण्यावरून सांगते. खालची टाकी भरलेली असते, वरची कोरडी, आणि सकाळी सात वाजता सगळे वॉचमनच्या नावाने ओरडतात, तेव्हा पाणी कमी नसतं, पंप अडलेला असतो. फोलेट रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात चढवायला असाच एक पंप आहे, फोलेट रिसेप्टर अल्फा म्हणतात त्याला. काही मुलांमध्ये शरीर स्वतःच त्या पंपाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि तो चोंदतो, क्वचित काहींमध्ये पंपाचा जीनच बिघडलेला असतो. मग रक्तातलं फोलेट तपासलं तर एकदम नॉर्मल आणि मेंदूत तुटवडा. याला सेरेब्रल फोलेट डेफिशियन्सी म्हणतात. व्हिन्सेंट रामेकर्स नावाच्या डॉक्टरांनी २००२ च्या सुमाराला हे पहिल्यांदा मांडलं, आणि २००५ मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की असा त्रास असलेल्या २८ मुलांपैकी २५ जणांच्या रक्तात ती अँटिबॉडी होती. फॉलिनिक अ‍ॅसिडला वर चढायला दुसरी एक लाइन मिळते, म्हणून ते अशा मुलांना देतात. फॉलिक मात्र त्याच चोंदलेल्या पंपाला जाऊन चिकटून बसतं.

आणि तुला एक सांगू, फोलेटची अख्खी गोष्टच आपल्या परळला सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची एक इंग्लिश डॉक्टर इथे आली, गरोदर बायकांना, त्यातही गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना, जो भयंकर अ‍ॅनिमिया होत होता त्याचं कारण शोधायला. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून तिने काम केलं. शेवटी उत्तर सापडलं ते यीस्टच्या अर्कात, मार्माइट म्हणून ब्रेडला लावायचं मिळतं ना, स्वस्तातलं, त्यात. १९३१ साली तिने ते छापलं, आणि त्यात जे काही होतं त्याला पुढे कित्येक वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणायचे, तेच हे फोलेट. मला ही गोष्ट फार आवडते, पण तुला सांगायचं कारण वेगळं आहे. त्या बायका त्याने उठून बसल्या कारण त्यांच्या अंगात नेमकं तेच कमी होतं. ज्यांना दुसऱ्या कारणाने अ‍ॅनिमिया होता त्यांना मार्माइट कितीही चाटवलं तरी काही झालं नसतं. तुझ्या मुलाच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच, त्याला हे कमी आहे का?

ऑटिझम असलेल्या सगळ्या मुलांना ते कमी नसतं. बऱ्याच जणांच्या रक्तात ती अँटिबॉडी सापडते हे खरंय, पण त्यांच्या आई-वडिलांमध्ये आणि ऑटिझम नसलेल्या भावंडांमध्येही सापडते, त्यामुळे नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे कारण मिळालं असं होत नाही. पक्कं बघायचं तर पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं, आणि ते काही कोणी हौसेने करत नाही. न्यूरोलॉजिस्ट ते कधी विचारात घेतात तर मूल येत असलेलं विसरायला लागलं, चालताना तोल जायला लागला, फिट्स आल्या, डोक्याची वाढ मंदावली अशा वेळी. तुझ्या पत्रात यातलं काही नाहीये, पण डॉक्टरांना स्वतःहून सांग की नाहीये, किंवा असेल तर आहे म्हणून.

अभ्यासाचं बोलायचं तर ज्याचं नाव सगळे घेतात तो डॉ. रिचर्ड फ्राय यांचा. ४८ मुलं, १२ आठवडे, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, कोणाला काय ते घरच्यांना माहीत नाही. औषधवाल्या मुलांचं बोलणं जास्त सुधारलं, आणि अँटिबॉडी असलेल्यांचं अधिक. हे खोटं नाही, आणि तुझे दीर काही वेडेपणा करत नाहीयेत. पण ४८ मुलं म्हणजे किती गं, भांडुपच्या एका बालवाडीचा वर्ग. आणि "सुधारलं" म्हणजे मुलं धडाधड बोलायला लागली असं नाही, चाचणीतले गुण सरासरीने वाढले. काहींचे बरेच, काहींचे काहीच नाही. रिकामी गोळी मिळालेल्यांमधलीही काही मुलं सुधारली, कारण बारा आठवड्यांत मूल तसंही वाढतंच, थेरपी चालू असतेच.

२२ सप्टेंबर २०२५ ला व्हाइट हाउसमधून जी घोषणा झाली तीही "ऑटिझमचं औषध मंजूर" अशी नव्हती. तिथल्या औषध प्रशासनाने म्हटलं ते सेरेब्रल फोलेट डेफिशियन्सीसाठी औषधाच्या लेबलात बदल करू असं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, त्यानंतर सांगितलं की ऑटिझम असलेल्या प्रत्येक मुलाला हे सरसकट देऊ नका, द्यायचं तर डॉक्टर आणि पालकांनी बसून ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता एवढं सगळं गळून जातं आणि "मुलं बोलायला लागली" तेवढं उरतं.

मग तू काय करायचं? मी डॉक्टर नाही, आई आहे, एकवीस वर्षांच्या मुलाची. माझ्या हातून काय झालं ते सांगते आणि मग काय कर ते सांगते.

माझा पाच वर्षांचा असताना आम्ही उपनगरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी सात सप्लिमेंट्स, गहू बंद, दूध बंद, सगळं एकदम त्याच सोमवारपासून. तिसऱ्या आठवड्यात त्याची झोप गेली. रात्री दोन-दोन वाजता हॉलमध्ये गोल फिरायचा, हात चावून घ्यायचा, आणि आम्ही दोघं डब्यांवरची लेबलं वाचत बसलेलो, यातलं नेमकं कशाने? कळायला मार्गच नव्हता. सगळं बंद केलं आणि तो शांत झाला, पण तोपर्यंत पैसे संपले म्हणून स्पीच थेरपी चार महिने थांबलेली होती. ते चार महिने मला अजून लागतात. त्या डब्यांत कदाचित एखादं त्याच्या उपयोगाचंही असेल, तेसुद्धा आम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून पॅकेज नको. औषध नको असं म्हणत नाहीये, पॅकेज नको म्हणतेय. आणि थेरपी बंद करून तर काहीच नको. हे औषध चाललं तरी ते फार तर जमीन भुसभुशीत करेल, पेरायचं काम मुलुंडच्या त्या स्पीचच्या ताईच करणार.

आधी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) किंवा मुलांच्या न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घे, परळच्या वाडिया हॉस्पिटलला घे किंवा तुमचे आधीचे डॉक्टर असतील त्यांच्याकडे. आणि पहिला विषय फोलेटचा काढू नकोस, बी-ट्वेल्व्हचा काढ. हे नीट ऐक हं, कारण तुमच्या घरात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. अंडं नाही, मांस-मासे नाहीत, बी-ट्वेल्व्ह मिळणार ते फक्त दुधातून, म्हणजे ते कमी असायची शक्यता आहेच. आणि बी-ट्वेल्व्ह कमी असताना वरून फोलेटचा मोठा डोस दिला तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, रिपोर्ट चांगला म्हणून कोणाला कळतही नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि डी व्हिटॅमिनही त्याच वेळी बघून घ्यायला सांग. लोह कमी असलं तरी मुलं रात्री तळमळतात, चिडचिड करतात. कोण जाणे, त्याला आधी तेच हवं असेल आणि ते स्वस्तात होईल. तो दुधावरच जगतो म्हणून बजावते, दूध बंद करायचा सल्ला कोणी दिला तर डॉक्टर आणि डाएटिशियनला विचारल्याशिवाय अजिबात नाही, त्याच्या ताटात दुसरं आहेच काय.

फिट्स येतात का किंवा कधी आल्या होत्या का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन अशी औषधं चालू असतील तर फोलेटने त्यांचा असर कमी होऊन फिट्स वाढू शकतात. दुसरं कुठलंही औषध चालू असलं तरी चिठ्ठी बरोबर ने.

हे सगळं होऊन डॉक्टर म्हणाले की देऊन बघू, तर जरूर बघा. घाबरण्यासारखं ते औषध नाही. फ्राय यांच्या अभ्यासात डोस वजनावर होता, दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५०, दोन वेळा विभागून, आणि पहिले दोन आठवडे त्याच्या निम्माच. हा आकडा घरी हिशोब करायला देत नाहीये, केमिस्टकडून आणून सुरू करायला तर नाहीच नाही, एवढ्यासाठी देतेय की कोणी पहिल्याच दिवशी पूर्ण डोस लिहून दिला तर तू विचारू शकशील. काही मुलं यावर जास्त उड्या मारायला लागतात, चिडतात, झोप उडते. तसं झालं तर फोन करायचा, "सवय होईल" म्हणून ओढत न्यायचं नाही.

आणि वही. दोनशे पानी साधी वही आण आणि औषध सुरू व्हायच्या आधी चार आठवडे लिही, आधी म्हणजे आधी, नाहीतर नंतर तुलना कशाशी करशील? रोज तीनच गोष्टी लिही, जास्त ठरवलंस तर आठ दिवसांत बंद पडेल, मला माहितीये. किती वेळा त्याने स्वतःहून काही मागितलं, शब्दाने, बोटाने किंवा तुझा हात ओढून. किती वाजता झोपला आणि रात्री उठला का. आणि दिवसातला एक प्रसंग, जसा घडला तसा, "छान होता आज" असं नाही तर "लाल डबा दाखवला, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा डबा". दर रविवारी त्याच वेळी, त्याच खेळण्यांबरोबर पाच मिनिटांचा मोबाइलवर व्हिडिओ. स्पीच थेरपिस्टना शक्यतो सांगू नका औषध कधी सुरू केलं ते, डॉक्टरांना विचारून हे ठरवा, म्हणजे त्यांना फरक वाटला तर तो खरा. त्या काळात नवीन काही सुरू करायचं नाही, शाळा बदलायची नाही, दुसरी सप्लिमेंट नाही. आणि किती महिने बघायचं ते डॉक्टरांकडून सुरुवातीलाच तारखेसकट लिहून घ्यायचं. ती तारीख आली की वही आणि व्हिडिओ घेऊन त्यांच्यासमोर बसा. फरक असेल तर पुढे. नसेल तर बंद, आणि त्यात तू हरलीस असं काही नाही, एक गोष्ट तपासून झाली एवढंच.

अमेरिकेला रक्त पाठवायच्या टेस्टचंही त्याच डॉक्टरांना विचार, "रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही पुढे काय वेगळं कराल?" वेगळं काही करणार नसतील तर ते पैसे थेरपीला ठेव.

पैशावरून आठवलं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे स्पीच थेरपी खाजगीपेक्षा खूप कमी पैशांत होते, लांब पडेल पण चौकशी कर. डिसेबिलिटी सर्टिफिकेट काढलं नसशील तर काढ, ऑटिझम दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वतंत्रपणे आहे, आणि त्या सर्टिफिकेटवर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना मिळते, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत त्यात येतो. बऱ्याच आयांना "पुढे लग्नाला अडेल" वगैरे सांगून सर्टिफिकेट काढू देत नाहीत घरचे. काढ तू.

अजून एक, पॅकेजवाले लोक पुढच्या पायरीला स्टेम सेल थेरपीवर (मूळ पेशी टोचायचा उपचार) येतात, आपल्या मुंबईत हे फार झालंय. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी ते करू नये. तो शब्द निघाला की उठून घरी ये.

मिस्टरांनाही हे वाचायला दे. ते केमिस्टकडे गेले ते मुलासाठीच गेले ना, त्यांना वहीतलं एक काम दे, रविवारचा व्हिडिओ त्यांनी काढावा.

आणि ते 'पा'. फिल्टरपाशी उभा राहून म्हणाला की ते पाणीच धर, त्याला पप्पा म्हणायचं असेल तर तो फिल्टरपाशी कशाला जाईल? लगेच ग्लास भर, अर्धाच भर म्हणजे पुन्हा मागेल, हातात देताना त्याच्या उंचीला खाली बसून एकदाच "पाणी" म्हण आणि दे. पूर्ण शब्द येईपर्यंत ग्लास मागे धरून ठेवू नकोस. आणि रात्री वहीत लिही, आज 'पा' किती वेळा.